फुटाण्यांच्या भट्टीवर भाजलेली कॉफी

शहाद्याच्या जुन्या बाजारात मेहबूबभाई फुटाणेवाल्यांची भट्टी आहे. वडिलांनी घातलेली. हरभरा, शेंगदाणे, मका, ज्वारीच्या लाह्या, वाळूत भाजता येईल ते सगळं मेहबूबभाई भाजतात. माणूस साठीला टेकलेला, पण हातातला झारा अजून असा फिरतो की कढईतला दाणा करपत नाही. पोरंसोरं आता रंगीत पाकिटातलं खातात, गिऱ्हाईक पूर्वीसारखं राहिलं नाही, हे ते मान्य करतात. त्याबद्दल रडत मात्र बसत नाहीत. कुणी विषय काढलाच तर म्हणतात, "भट्टी पेटेल शे ना? मग झालं."

जन्मभर त्यांनी चहाच प्यायला. कॉफी त्यांना माहीत होती ती लग्नाच्या पंगतीतली. मशीनमधून फुर्र करत येणारी, वर ढीगभर फेस आणि फेसावर भुरभुरलेली तपकिरी पूड. एकदा प्यायले तेव्हा कपात खोकल्याचं औषध उरल्यासारखं तोंड केलं होतं त्यांनी.

गेल्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी वाहरू पावरा त्यांच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावरचा, पन्नाशीच्या आतला, बारीक अंगाचा माणूस. खांद्यावर गोणपाटाची पिशवी. त्याने पिशवीचं तोंड उघडलं आणि मूठभर हिरवट-राखाडी बिया मेहबूबभाईंच्या पुढ्यात धरून त्या भाजून मिळतील का, असं विचारलं.

"भाई, हाई भुंजी देशात का?"

मेहबूबभाईंनी एक बी दाताखाली धरून पाहिली. दगड. "काय शे हाई? चना नही, वाल नही."

"कॉफी शे. मन्हा घरनी."

मेहबूबभाई हसायला लागले. पण वाहरू हसला नाही, म्हणून त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि नीट विचारलं.

वाहरू आणि त्याची बायको रूपलीबाई काही हिवाळे एका मुकादमाबरोबर पार कर्नाटकात, चिकमगळूरच्या डोंगरात कॉफीची लाल फळं तोडायला गेले होते. तिथला डोंगर, तिथली सावली, सकाळचं धुकं बघून रूपलीबाईच म्हणाली होती, हे तर आपल्यासारखंच आहे. परत येताना मळ्यातल्या माणसाने त्यांना थोडी रोपं दिली. ओल्या पोत्यात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन त्यांनी ती घरी आणली आणि घरामागच्या आंब्या-फणसाखाली लावली. पाड्यावरचे लोक म्हणाले, याच्यापेक्षा मिरची लावली असतीस तर भाजीत तरी पडली असती. काही रोपं वाळून गेली. उरलेली जगली, वाढली, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मनाजोगी फळं आली. दोघांनी ती हाताने चोळून सोलली, खाटेवर वाळवली. पण भाजायची कशी, ते मळ्यातल्या मजुराला कुणी कधी दाखवलं नव्हतं. शहाद्यातल्या किराणा दुकानदारांनी कॉफी म्हटल्यावर तयार पुड्याच पुढे केल्या. शेवटी एकाने हात केला, भाजायचं काम असेल तर मेहबूबभाई.

"तठला लोके सांगतस," वाहरू चहा संपवत म्हणाला, "कैक वरीस पहिले एक बाबा हजले गयता. येता येता कमरले सात बिया बांधी लई उना. त्याच डोंगरवर लावल्या. आपला देशमा कॉफी तशी उनी म्हनतस."

हजहून कमरेला बांधून आणलेल्या सात बियांची ती गोष्ट ऐकून मेहबूबभाईंचा हात पिशवीवरच थांबला. त्यांच्या वडिलांची हजची इच्छा तशीच राहिली होती, त्यांची स्वतःची अजून व्हायची होती. पिशवी उचलून त्यांनी आत नेली, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवली.

पहिली भाजणी त्यांनी हरभऱ्यासारखीच केली. तापलेल्या वाळूत बिया टाकल्या, झारा फिरवला आणि फुगून वर यायची वाट पाहत बसले. बिया फुगल्या नाहीत, काळ्या झाल्या. बघता बघता भट्टीतून असा धूर निघाला की शेजारचा कापडवाला पाण्याची बादली घेऊन धावला. दुसऱ्या दिवशी घाबरून लवकर काढल्या, तर काढा उकडलेल्या गवतासारखा लागला. वाळू काही खरी नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. शेंगदाणे भाजायचा हाताने फिरवायचा लोखंडी डबा त्यांनी माळ्यावरून खाली काढला, घासला, आणि मंद आचेवर थोड्याथोड्या बिया घेऊन बसले. आधी ओल्या गवताचा वास आला, मग भाकरीचा. आणि मग डब्यातून लाह्या फुटाव्यात तशी बारीक तडतड ऐकू आली. लाह्यांच्या माणसाला ती तडतड ओळखीची होती. ती थांबता थांबता त्यांनी डबा उतरवला, सूप हलवून बिया गार केल्या, खलबत्त्यात कुटल्या, उकळल्या.

पहिला घोट घेतला आणि त्यांनी कप तिथेच रिकामा केला. मग पुन्हा कप भरला.

आता त्यांना नादच लागला. अमुक आचेवर कशी होते, तडतड संपल्यावर जरा थांबलं तर कशी, आधी काढली तर कशी. आणि भाजली की चव घेणं आलंच. रात्री डोळा लागेना. शहाबानो, त्यांची बायको, कूस बदलून विचारायची, "झोपत का नाही?" तर हे अंधारात आढ्याकडे बघत सांगायचे, "विचार करतोय."

आठवडा असा गेला आणि एका दुपारी डबा फिरवता फिरवता मेहबूबभाईंनी डबा सोडून छातीवर हात ठेवला. छातीत कबुतर अडकल्यासारखी फडफड. कपाळावर घाम. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि शहाबानोला बोलावून खोल आवाजात म्हणाले, "आपल्या पोराला, जुबेरला सांग, भट्टी विकू नको. आणि वाहरूच्या उरलेल्या बिया फळीवर आहेत, त्या त्याला परत कर."

"आधी रिक्षात बसा," शहाबानो म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टर गायत्री वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी छातीच्या ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब पाहिला, नाडी धरली. पट्टीत काही दोष नव्हता.

"चाचा, चहा किती होतो दिवसात?"

"चहा? आठवड्यात एक कप नाही घेतला," मेहबूबभाई अभिमानाने म्हणाले.

"मग दुसरं काय?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. "कॉफीची चव बघतो. भाजणी झाली की एक कप."

"आणि भाजण्या किती होतात?"

"होतात दहा-बारा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र त्यांनी नीट समजावलं. कॉफी वाईट नाही. धडधाकट माणसाने दिवसाला दोन-तीन कप घेतले तर बहुतेकांना काही होत नाही. उलट असं बेताने पिणाऱ्यांना मधुमेह आणि यकृताचे आजार कमी होतात असं पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून काही ते औषध नव्हे, आणि वर तीन चमचे साखर घातली की तोही फायदा बुडाला. दहा-बारा कप झाले की छाती धडधडणारच. दुपारनंतर घेतलेली कॉफी रात्रीपर्यंत अंगात राहते, मग झोप कुठून येणार? गरोदर बाईने तर फारच बेताने घ्यावी.

"आणि चाची, तुम्ही रक्तवाढीच्या गोळ्या कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर," शहाबानो बेसावधपणे म्हणाली.

"चहा, कॉफी दोन्ही त्या गोळ्या अंगाला लागू देत नाहीत. मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या."

आता मेहबूबभाई बायकोकडे बघून हसले. पण डॉक्टरांचं संपलं नव्हतं. "रमजान जवळ आलाय. एकदम बंद केलीत तर डोकं असं दुखेल की रोज्याला दोष द्याल. आजपासून कमी करत आणा. तोंडात घेऊन थुंकली तरी चव कळते."

ही युक्ती मेहबूबभाईंना आधी अपमानाची वाटली. दोन दिवसांनी कामाची वाटली. छातीतलं कबुतर उडून गेलं, झोप परत आली, आणि भाजणीही जमून गेली.

मेहबूबभाईंचा मुलगा जुबेर नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. पथारीवर वाळत पडलेल्या लाल मिरचीचा भाव कुठे कुठे ठरतो, हे त्याला तोंडपाठ. शुक्रवारी तो घरी आला, कॉफी प्यायला आणि मोबाइल काढून बसला. वाहरूही त्या दिवशी आलेला होता.

"अब्बा, तुम्हाला कल्पना आहे का? कॉफीचा भाव जगात कधी नव्हता एवढा चढलाय. ब्राझीलमध्ये दुष्काळ, व्हिएतनामला पाऊस कमी. जगातली निम्मी कॉफी या दोनच देशांतून येते. भाव न्यूयॉर्क आणि लंडनला ठरतो."

"तठे कॉफी पिकस का?" वाहरूने विचारलं.

"नाही. तिथे नुसता भाव पिकतो. आपल्या देशातली कॉफीसुद्धा बरीचशी बाहेरच जाते. सगळ्यात जास्त इटलीला."

मेहबूबभाईंनी मान हलवली. "म्हनजे पिकाडतस आपन, पेतस त्या. आनि आपन लगनमा फेस चाटतस."

जुबेर गप्प बसणारा नव्हता. त्याने सुरतच्या एका निर्यात करणाऱ्याला तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा केला. सातपुड्यातली कॉफी म्हटल्यावर तो माणूस एकदम गोड बोलायला लागला. वाहरू पुढे सरकून बसला. मेहबूबभाईंच्या डोळ्यांपुढे जहाज आलं, जहाजावर पोती, पोत्यांवर शहादा असं लिहिलेलं.

"किती कंटेनर निघेल?" पलीकडून विचारणा झाली.

"कंटेनर म्हनजे केवढा?" वाहरूने हळूच विचारलं.

"मोठा लोखंडी डबा. अठरा-एकोणीस टन बसतात," जुबेरने फोनवर हात ठेवून सांगितलं.

वाहरूने मान वळवून आपल्या गोणपाटाच्या पिशवीकडे पाहिलं. "तेन्हामा त मन्हा आख्खा पाडा बठी जाई. कोंबड्यासकट!"

सगळे असे हसले की फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला. जुबेरने त्याची माफी मागून फोन ठेवला. हसू ओसरल्यावर वाहरू म्हणाला, इटलीला नको, आपण भोंगऱ्या बाजाराला नेऊ. होळीच्या आधीच्या त्या बाजाराला सगळा डोंगर धडगावात उतरतो. एकाच दिवशी एवढे लोक पुन्हा भेटायचे नाहीत.

पण तोवर रमजान लागलेला. मेहबूबभाईंचा रोजा. शहाबानो म्हणाली, "दिवसभर चुलीपुढे उभे राहणार, आणि पाण्याचा घोट नाही?" मेहबूबभाई म्हणाले, "चाळीस वर्षं रोज्यात भट्टी चालवली, तेव्हा काय बर्फाच्या लादीवर बसलो होतो?" आणि पूड भरलेले डबे घेऊन पहाटेच्या जीपमध्ये बसले.

धडगावचा बाजार सकाळीच फुलला. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने घातलेल्या बायका, नव्या कपड्यातली पोरं. वाहरूने बांबू रोवून सावली केली, रूपलीबाईने चूल मांडली. मेहबूबभाई वास घेऊन सांगायचे, आता उतरवा. चाखायचं काम रूपलीबाईचं.

पहिली काही गिऱ्हाइकं नुसती वाकून बघून गेली. एका म्हाताऱ्याने विचारलं, हे कसलं काळं पाणी? एका जवान पोराने घोट घेतला आणि तोंड वाकडं करून कप खाली ठेवला. मेहबूबभाईंनी तो कप उचलून नाकाशी धरला. स्वतः चाखून बघावं, काय बिघडलंय ते शोधावं, तर तोंडात थेंब घेता येत नाही. त्यांनी रूपलीबाईकडे पाहिलं. तिने गुळाचा मोठा खडा पातेल्यात टाकला, मग दुसरा, वरून दूध आणि चिमूटभर सुंठ. मेहबूबभाईंना डॉक्टरबाई आठवल्या, पण त्यांनी चुलीत लाकूड सारलं.

तेवढ्यात सकाळपासून वाजवून वाजवून थकलेली ढोलवाल्यांची टोळी सावलीला येऊन टेकली. वाहरूने त्यांच्या हातात कप दिले. ते प्याले, आणखी मागितले, मिशा पुसल्या, उठले आणि असा ढोल बडवायला लागले की अर्धा बाजार तिकडे वळला. हे कशाने झालं असं लोक विचारू लागले, आणि ढोलवाला काठीने चुलीकडे दाखवू लागला. मग मेहबूबभाईंना मान वर करायला उसंत मिळाली नाही. उन्हं कलायच्या आत डबे रिकामे. शेवटच्या पातेल्यातला एक कप मात्र रूपलीबाईने झाकून बाजूला ठेवला होता.

दिवस मावळताना वाहरूने बाजारातून आणलेले खजूर आणि कापलेलं टरबूज मेहबूबभाईंपुढे ठेवलं. बांग ऐकू आल्यावर त्यांनी रोजा सोडला, पाणी प्यायले. मग रूपलीबाईने तो कप पुढे केला. आपणच भाजलेली, आख्ख्या बाजाराने प्यायलेली कॉफी, आणि चव माहीत नाही असे ते एकटेच होते. त्यांनी एक घोट घेतला आणि गोडाने डोळे मिचकावले.

"बाई, गूळ गैरा व्हयना."

"गूळनीच तर खपनी, भाई," रूपलीबाई म्हणाली.

त्या रात्री वाहरूने त्यांना खाली जाऊच दिलं नाही. पाड्यावर नेलं. पहाटे उजाडायच्या आत रूपलीबाईने उठून त्यांच्या सहेरीसाठी, रोज्याआधीच्या जेवणासाठी, भाकरी थापली. शहाद्यात जन्म काढलेला माणूस, पण डोंगरातल्या घरी ते पहिल्यांदाच राहिले होते.

उजाडल्यावर वाहरू त्यांना घरामागे घेऊन गेला. पावसाची वाट न बघता आठ-दहा दिवसांआधीच त्याने झाडांना हंड्याने पाणी घातलं होतं, आणि आंब्याच्या सावलीत प्रत्येक फांदी पांढऱ्या फुलांनी लगडली होती. वास मोगऱ्यासारखा. इतके दिवस ज्या बिया त्यांनी करपवल्या, कुटल्या, थुंकल्या, त्यांचं झाड त्यांनी आत्ता पाहिलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि शहाबानोला फोन लावला.

"कसं सांगू तुला, वास असा आहे की..."

"मग घेऊन या दोन फुलं."

"अगं, फूल तोडलं की एक फळ गेलं. वाहरू काही म्हणणार नाही, पण मला नाही जमणार."

तरी त्यांनी वाकून झाडाखाली गळालेली फुलं वेचली, रुमालात बांधली आणि खिशात जपून ठेवली. घाटातून, जीपच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत ती पार तपकिरी होऊन चुरगळली होती. शहाबानोने रुमाल नाकाशी धरला, डोळे मिटले, पुन्हा धरला.

"तुमच्या खिशातल्या फुटाण्यांचा वास येतोय," ती म्हणाली, आणि रुमाल न सोडता आत घेऊन गेली.