यादीत हजर

"नमुना आहे बाबांनो, यावर संसार थाटू नका," असं ती येता-जाता बजावायची. संगणकांनी एकमेकांशी थेट कसं बोलावं हे शिकणाऱ्यांसाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहिणं, हे तिचं काम. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती 'शेजारी' म्हणे. हे नमुन्याचे धडे कुणीही फुकट उचलावेत, आणि लोक उचलत, याचा तिला कोण अभिमान!

त्या दुपारी ती वहिनीसोबत बोगद्यावर गेली. तिचा दादा आत खोदकामाला होता. दोघी पोचल्या तेव्हा आतून नुकताच छत कोसळल्याचा मोठा दणका येऊन गेला होता. बोगद्याच्या तोंडाशी धूळ अशी दाटली होती की ऊनही करडं दिसत होतं. पत्र्याच्या खोलीत मुकादम मात्र पडद्यासमोर निवांत बसलेला.

"घाबरू नका, बाई. हाकेला कुणी ओ देत नाही, पण प्रत्येकाच्या कमरेच्या यंत्राची खबर इथे पडद्यावर येते. हे बघा, तुमचे मालक हजर!"

वहिनीने सुटकेचा निःश्वास सोडला. ती मात्र पडद्याकडे बघतच राहिली. 'शेजारी: हजर.' शब्द तिच्या धड्यातले होते, ती यादीही तिचीच.

"मुकादम, तुमचं यंत्र बंद करा."

"माझं? मी काय हरवलोय?"

"करा म्हणते ना!"

त्याने हसत बटण दाबलं. पडद्यावर तो हजरच. सगळे थोडं थांबले. तरी हजर. त्याचं हसू ओठांवरच सुकलं.

"शेजारी जोडला की यादीत घालायचं मी लिहिलं," ती म्हणाली, "तुटला की काढायचं लिहिलंच नाही. धडा लांबेल म्हणून."

"म्हणजे हे 'हजर' काहीच सांगत नाही?" वहिनीने विचारलं.

मुकादमाने भोंगा दाबला. माणसं दिवे आणि पहारी घेऊन धावत आली. तिने खुंटीवरचं हेल्मेट डोक्यावर ठेवलं. पट्टा आवळला.

"वन्सं, तुम्ही कुठे? तुम्हाला जिन्याखालच्या अंधाराचीसुद्धा भीती वाटते!"

"आताही वाटतेय, वहिनी. पण दादा कुठल्या दगडामागे आहे, ते आता हाक मारूनच कळेल."

माणसांच्या मागोमाग ती आत शिरली. "दादा!" आवाज चिरका निघाला, पुढच्या वेळी जरा मोठा. दिव्याचा उजेड धुळीत पिवळा झाला, मग ठिपक्याएवढा. तोंडाशी उभी राहून वहिनी तो बघत होती, आणि तिच्यामागे मुकादम.