कुन्नूरला दही लागत नाही

मंगळवार, ६ मे १९५८. सकाळचे दहा वाजून सात मिनिटं झाली होती आणि जनकोजी टाईपरायटरवर चौथ्या ओळीला पोचले होते. मद्रासच्या त्या सरकारी कचेरीत मे महिन्यात कारकून मनगटाला रुमाल बांधत, नाहीतर घामानं कागद ओला होई. जनकोजींनीही बांधला होता.

मथळा साहेबांनी दिला होता : 'कुन्नूरला बदलून जाणाऱ्यांसाठी सूचना.' कचेरीत कुन्नूरला राहून आलेला माणूस एकटाच, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. एकोणपन्नास ते बावन्न ते निलगिरीतल्या त्या थंड गावच्या शाखेत होते. आता तिथे पुन्हा जागा निघाली होती. पण नियमानं पहिला हक्क कधीच न गेलेल्याचा. यादीत मानाजीचं नाव पहिलं, जनकोजींचं दुसरं. मानाजीनं आज पाचपर्यंत होकाराची सही केली नाही, तर जागा जनकोजींची.

मानाजी नऊ वर्षांनी लहान, तंजावरला त्यांच्याच गल्लीतला. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात त्यांच्याच घरामागच्या दोन खोल्यांत तो बिऱ्हाड करून होता. ही नोकरीही त्याला जनकोजींनीच सांगून लावून दिलेली. त्यानं तिथे पांघरूण ओढून झोपावं आणि आपण इथे ओल्या पंच्यानं अंग पुसत पडावं, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.

खोटं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पावसाळ्यात धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. चपलांना बुरशी येते. लाकडं ओली, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. चढ असा की बाजारातून येताना नवा माणूस तीनदा बसतो. धुक्यात समोरचं घर दिसत नाही. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं : 'इडलीचं पीठ फुगत नाही. दही लागत नाही.' दहीभाताशिवाय मानाजीचं जेवण संपत नसे, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं.

उपायही जनकोजींना ठाऊक होता. तो त्यांनी लिहिला नाही.

मानाजीनं कागद वाचला तसा त्याचा चेहरा उतरला. "अय्यो अण्णा, तिथं माणसं राहतात की बेडूक?"

"सवय असलेले राहतात," जनकोजी म्हणाले. "तुझं तू बघ. मागाहून मला बोल लावू नकोस."

"हेमावतीला विचारून येतो." जेवणाच्या सुट्टीत तो कागद घेऊन घरी बायकोकडे गेला.

जनकोजींनी त्या दिवशी डबा चवीनं खाल्ला. तिथल्या क्वार्टरच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नसे, हेही त्यांना आठवलं. यंदा ती बदलून घ्यायची.

तीन वाजून दहा मिनिटांनी मानाजी परतला तो हसतच.

"हेमावती आधी रडायलाच लागली, अण्णा. मग कागद घेऊन तडक वैनींकडे. कृष्णवेणी वैनी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, तीन वर्षं ह्यांना दही काय पोष्टानं येत होतं? जरा जास्त कोमट दुधाला विरजण लावायचं, भांडं घोंगडीत गुंडाळायचं आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचं. पिठालाही तसंच करायचं."

"घोंगडी आहे कुठं तुझ्याकडे?"

"वैनींनी दिली की! तुमचीच. पेटीच्या तळाशी होती ती. स्वेटरही दिला. म्हणाल्या, मद्रासेत ह्याचं काय लोणचं घालायचं?"

दर मे महिन्यात जनकोजी ती घोंगडी उन्हात टाकत आणि ताजा कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा पेटीत ठेवत. सहा वर्षं ठेवली होती. यंदा ऊन द्यायचं राहिलं होतं.

मानाजीनं सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. त्यानं कागद आणि टाक दोन्ही जनकोजींपुढे सरकवले. जनकोजींनी मनगटाचा रुमाल सोडला आणि सही केली. तीन पंचवीस झाले होते.

"तेवढं दह्याचंही सूचनेत घाला, अण्णा," जाता जाता मानाजी म्हणाला. "पुढच्याला बरं पडेल. मी साहेबांना सांगितलंय."

साहेबांना सुधारलेल्या सूचनेच्या चार प्रती हव्या होत्या. उद्या सकाळी दहाला, कार्बन लावून, जनकोजी त्या टाईप करायला घेतील.