खांबेट्यांच्या गाडीतली उजवी सीट

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींत दिनकरराव खांबेटे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे तक्ता केल्याशिवाय ते कुठलाही निर्णय घेत नाहीत, मग तो फ्रिजचा असो की मुलीच्या कॉलेजचा. आणि दुसरी म्हणजे त्यांची गाडी. १९६८ सालची, दोन दारांची, गडद निळी अमेरिकन गाडी. लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन आणि आवाज असा की रविवारी सकाळी ती सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळतं, खांबेटे निघाले.

शहरात एकेकाळी अमेरिकन सैन्याची छावणी होती. तिथल्या कुणा सैनिकाने ही गाडी बरोबर आणली आणि परत जाताना इथेच सोडली. दोन-तीन मालकांच्या हातांतून ती दिनकररावांकडे आली. चिंचवडला टायरवाल्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिचं चित्र पाहिलं होतं तेव्हा ते नववीत होते, आणि किल्ली हातात आली तेव्हा पंचावन्न वर्षांचे. मधल्या काळात सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत केस गेले, पण हौस तशीच राहिली. कंपनीत इतरांच्या चुका शोधणारा हा माणूस घरी गाडीचे भाग स्वतःच्या हाताने बदलायचा, आणि काढलेला एकही स्क्रू टाकून द्यायचा नाही. गॅरेजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी.

एवढं सगळं असून गाडीत एकच उणं होतं. मालिनीबाई तिच्यात बसत नव्हत्या.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी दोघं जवळच्या फ्रँकिश डोंगरांत फिरायला गेले होते. एका वळणावर दिनकररावांनी ब्रेक दाबला, गाडीने नाक खाली घातलं आणि ती उजवीकडच्या दगडी कठड्याकडे सरकली. लागलं काही नाही, खरचटलंही नाही. पण पुढच्या गावात मालिनीबाई उतरल्या, दार हळूच लावलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही व्हा पुढे. मी बसने येते." घरी येऊन त्यांनी पोहे केले. त्या विषयावर अवाक्षर नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दिनकररावांना आजही वाटतं.

त्या दिवसापासून मंडळाच्या कार्यक्रमाला हे गाडीने आणि त्या बसने. एका नव्याने आलेल्या जोडप्याला वाटलं, खांबेटे वेगळे राहतात. त्यातल्या बाईने मालिनीबाईंना एकटीला जेवायला बोलावलं. मालिनीबाई खुशाल जाऊन जेवूनही आल्या.

यंदा जूनमध्ये लग्नाला तीस वर्षं होणार होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात डोंगरातल्या ज्या खाणावळीत दोघांनी नदीकाठी दुपार घालवली होती, तिथे मालिनीबाईंनी टेबल राखून ठेवलं आणि सहज सांगितलं, "तुम्ही या गाडीने. माझी बस अकरा दहाची आहे."

हे मात्र दिनकररावांना लागलं. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला शेजारची सीट रिकामी ठेवून नदीकाठाने जायचं म्हणजे काय! त्यांनी ठरवलं, गाडीचं पुढचं सस्पेन्शन बदलायचं. म्हणजे पुढची चाकं ज्याच्या जिवावर धरून असतात ते सगळं, हात, दांडे, स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर. गाडी वळणावर जमिनीला चिकटून राहिली की बायको बसेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

मग तक्ता आला. जर्मन कंपनीत एकतीस वर्षं काढलेला माणूस, त्याने रीतसर नुट्झवेर्टअनालिझे केली: चौदा निकष, प्रत्येकाला वजन, चार पर्याय, खाली बेरीज. तीन आठवडे अमेरिकन फोरम वाचून डोळे लाल झाले. पहिला नंबर आला तो अमेरिकेतून मागवायच्या संपूर्ण नव्या संचाचा. जुनं सगळं काढून टाकायचं आणि आजच्या स्पोर्ट्स कारसारखं पुढचं अंग बसवायचं.

मुलगी ऊर्जा बर्लिनला असते. तिला फोनवर तक्ता वाचून दाखवला. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्येच येतं. "पापा, फ्राग डोख माल डी मामा," ती म्हणाली. एकदा आईलाच विचारा ना.

"तिला काय विचारायचं? तिला भीती वाटते, बस्स," दिनकरराव म्हणाले आणि जवळच्या फोरखहाइमला फ्राऊ त्साप्फ या मेकॅनिक बाईंच्या वर्कशॉपमध्ये गेले.

फ्राऊ त्साप्फ साठीच्या. जुन्या गाड्यांखेरीज दुसरं काम घेत नाहीत आणि गोड बोलत नाहीत. त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "सुंदर," त्या म्हणाल्या. "पण हा संच बसवलात की तुमचा एच गेला."

नंबरप्लेटच्या शेवटी असलेलं हे एच अक्षर म्हणजे गाडी ऐतिहासिक असल्याचं प्रमाण. ते टिकवायचं तर गाडी तिच्या काळातलीच राहायला हवी, आणि सुधारणा करायची तर त्या काळात लोक करायचे तीच. दिनकररावांनी या निकषाला शंभरात चार गुण दिले होते. एच घालवायची कल्पना त्यांना आता, समोर उभं राहून ऐकल्यावर, अजिबात सोसेना.

"आल्झो, बरं तर," फ्राऊ त्साप्फ म्हणाल्या, "गाडी नेमकं करते काय?"

"माझी बायको घाबरते."

"ते बायकोचं झालं. मी गाडीचं विचारतेय. तुमच्या शेजारी, उजव्या सीटवर कोण बसतं?"

"कोणीच नाही."

"गेनाऊ, तेच तर. मग त्या बाजूचं मला कोण सांगणार? त्यांना घेऊन या."

आता बायकोला वर्कशॉपमध्ये ये म्हणून सांगणं आलं. दिनकररावांनी ते दोन दिवस लांबवलं. शेवटी चहा ओतता ओतता कसंबसं बोलून टाकलं. मालिनीबाईंनी कप खाली ठेवला. "मला विचारणार आहेत? मग येते की," असं म्हणून शनिवारी त्या रिजनल ट्रेनने हजर झाल्या.

मालिनीबाई वैद्यकीय यंत्रांच्या प्रयोगशाळेत काम करतात. पेशंटला स्कॅनरमध्ये आत नेणारा जो सरकता पलंग असतो, तो तपासायचं त्यांचं काम. केसाएवढाही हिसका बसता कामा नये. वीस वर्षं हाताने आणि कानाने तेच हेरत आलेल्या या बाईने फ्राऊ त्साप्फना एका दमात सांगितलं:

"ब्रेक दाबला की आधी माझ्या उजव्या पायाखाली ठक होतं. मग नाक खाली जातं. मग गाडी उजवीकडे ओढते आणि हे स्टिअरिंग डावीकडे धरतात. यांच्या लक्षातही येत नाही, हातांना सवय झालीये. पण यांच्याकडून रस्ता भरपूर दिसतो. कठडा माझ्या बाजूला असतो."

दिनकरराव बघतच राहिले. "अगं, हे तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कुठे? त्या दिवशी घरी आल्यावर मला आकडे सांगितलेत, या रस्त्यावर वर्षाला किती कमी अपघात होतात त्याचे."

दिनकररावांनी गाडी लिफ्टवर घेतली. गाडी वर चढली. फ्राऊ त्साप्फनी उजव्या चाकाला पुढून धरून ठेवणाऱ्या दांड्याखाली पहार घालून दाबली आणि दांडा चक्क बोटभर हलला. त्याच्या टोकाचं रबर वरून नवं कोरं दिसत होतं. उघडल्यावर कळलं की रबराच्या आत जी पोलादी नळी असायला हवी, तीच नाही. रबर नुसतं चेपत होतं आणि ब्रेक दाबला की चाक मागे सरकत होतं.

"हे कोणी बसवलं?" फ्राऊ त्साप्फनी विचारलं.

दिनकररावांचे कान लाल झाले. ते रबर त्यांनीच बदललं होतं, त्या सहलीच्या आदल्याच आठवड्यात, मोठ्या झोकात. घरी जाऊन त्यांनी डब्यांची रांग धुंडाळली. सहाव्या डब्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "पुढचं उजवं चाक, जास्तीचे भाग." आत कापडात गुंडाळलेली नळी होती, तेल लावून ठेवलेली.

मालिनीबाई गॅरेजमधल्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "जास्तीचे! अहो, जास्तीचे म्हणे!" तीन वर्षांत त्यांना त्या गाडीवरून हसताना दिनकररावांनी पहिल्यांदा पाहिलं. शरमेने मान खाली गेली होती, पण आतून त्यांना फार बरं वाटलं.

नळी बसली. पहिली चक्कर मालिनीबाईंनी फ्राऊ त्साप्फबरोबर मारली, नवऱ्याबरोबर नाही. दिनकरराव वर्कशॉपच्या फाटकापाशी उभे राहून नखं खात होते. परत आल्यावर निकाल लागला: ठक गेलं, ओढणं गेलं, वळणावर कलणं मात्र अजून आहे.

मग खरी निवड झाली, आणि ती तिघांनी केली. कडक स्प्रिंगा दिनकररावांच्या आवडीच्या. मालिनीबाईंनी आपल्या कमरेचं नाव घेऊन त्या पहिल्या झटक्यात बाद केल्या. चाक धरणारा वरचा हात एक इंच खाली बसवायचं ठरलं. त्या काळी अमेरिकेत शर्यतीवाले हेच करायचे, म्हणून एचला धक्का नाही. जोडीला दोन्ही चाकांना बांधणारा थोडा जाड दांडा आणि बरे शॉक अॅब्सॉर्बर. दिनकररावांनी जुन्या मासिकाचं पान पुरावा म्हणून जोडलं. एच तपासायला आलेल्या तपासनीसाने ते शांतपणे वाचलं, गाडीखाली दोनदा वाकून पाहिलं आणि शिक्का दिला. चौदा निकषांचा तक्ता कुणी पुन्हा उघडला नाही.

जूनमधल्या त्या रविवारी मालिनीबाई उजव्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घट्ट धरली. कठड्याच्या वळणाआधी दिनकररावांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जराशी वाकली आणि आपल्या लेनमधून निमूट वळली. कठडा जिथे होता तिथेच राहिला. मालिनीबाईंनी पर्स पायाशी ठेवली.

नदीकाठी जेवण झालं. ट्राउट मासा होता, बटाटे होते, वर आइस्क्रीम. उन्हं कलायच्या आत दोघं परत निघाले. अर्ध्या वाटेवर दिनकरराव शॉक अॅब्सॉर्बरबद्दल काहीतरी समजावून सांगत होते आणि हुंकार येईना, म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. मालिनीबाई झोपल्या होत्या. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, अगदी गाढ.

दिनकरराव बोलायचे थांबले. घर आलं तेव्हा त्यांनी वेग कमी केला, तिच्याकडे पाहिलं आणि थांबलेच नाहीत. पुढच्या चौकातून वळसा घालून ते पुन्हा त्याच गल्लीत आले, आणि पुन्हा थांबले नाहीत.

"आलं का हो घर?" मालिनीबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"नाही गं, अजून वेळ आहे," दिनकरराव म्हणाले. "झोप तू."