सरवदे सिस्टरांचा एसी

सरवदे सिस्टर समोर आलेल्या कोणत्याही वस्तूचा आधी हात लावून ताप बघत. माणूस, भिंत, फ्रीज, पाण्याची टाकी, सगळ्यांना एकच तपासणी, आणि तीही उलट्या हाताची. मी नांदेडहून बदलून लातूरला आलो आणि त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेलासुद्धा हात लावून बघितला. “तापलीय. आत घ्या तिला,” म्हणाल्या. उन्हात मीही उभा होतो, पण माझी चौकशी नंतर झाली.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ही बाई चाकूरकडच्या एका खेड्यातून येऊन सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली होती. “जिल्हा माझ्यासमोर जलमला, साहेब. त्याचं बाळंतपण मीच केलं म्हणा की,” असं त्या सांगायच्या. मी बँकेत साधा कारकून, पण त्यांच्या लेखी बँकेतला प्रत्येक जण साहेब. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दवाखाना काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता.

मी गेलो तो उन्हाळा दुष्काळाचा होता. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं. कूलरला रोज घागरीनं पाणी लागतं, म्हणून गल्लीतले सगळे कूलर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सिस्टरांचा मुलगा अविनाश पुण्याला असायचा. त्यानं फोनवर फर्मान सोडलं, “आई, पाणी नाही तिथं राहायचं नाही. बस झालं लातूर.” सिस्टर ऐकेनात. शेवटी तोड निघाली ती अशी, की तो कूलरऐवजी एसी पाठवेल आणि मे महिन्यात येऊन स्वतः बघेल. हाल दिसले तर घराला कुलूप आणि सिस्टर पुण्याला. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “पुण्यात मला कोण वळखतं, साहेब? हितं बाजारात गेलं तर निम्मी माणसं माझ्या हातावर जलमलेली भेटतेत,” त्या म्हणाल्या.

एसी बसवायला मुनीरभाई आले. त्यांनी भिंतीवर पट्टी धरून पातळी बघितली आणि भोक पाडायचं यंत्र उचललं, तोच सिस्टर मध्ये आल्या. भिंतीला उलटा हात लावून झाल्यावर म्हणाल्या, “हां, आता पाड.” मुनीरभाईंनी भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं पाडलं, गच्चीवर ठेवलेल्या एसीच्या बाहेरच्या डब्याला नळ्या जोडल्या आणि शेवटी एक पांढरा पाइप रस्त्याकडे सोडायला घेतला.

“हे काय करून राहिला?”

“एसीचं पानी हाय सिस्टर. सगळे बाहेरच सोडतेत.”

“एसी पाणी देतो?” सिस्टर ताडकन उठल्या. “अन् तू ते रस्त्याला पाजून राहिला?”

झालं! मुनीरभाईंना तो पाइप भिंतीच्या कडेनं उतार सांभाळत न्हाणीपर्यंत न्यावा लागला. जाताना त्यांनी बजावलं, “सिस्टर, पाइप का मुँह पानी में नक्को डुबाव. वरच राहू द्या.” सिस्टरांनी मान डोलावली. जन्मभर डॉक्टरांपुढे मान डोलावून आपलंच खरं करणाऱ्या बाईच्या मानेवर विश्वास ठेवला, हीच मुनीरभाईंची चूक.

एक थेंबही उडून वाया जायला नको म्हणून सिस्टरांनी पाइपाचं तोंड थेट बादलीच्या तळाशी नेऊन बांधलं. चार-पाच दिवसांनी मी खाली एसीच्या गारव्याला बसलो होतो, तर माझ्या टकलावर टपटप सुरू झालं. पाइपाचं तोंड बुडाल्यामुळे पाणी अडून एसीतूनच गळत होतं. सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी मला बाजूला सारून माझ्या जागी पातेलं ठेवलं, मग न्हाणीत डोकावून निदान केलं, “लघवी तुंबली!” पाइप वर ओढला आणि पेशंट मोकळा झाला.

पण लातूरची हवा कोरडी ठणठणीत. दिवसभरात बादलीचा जेमतेम तळ झाकायचा. “पेशंटच्या पोटातच पाणी न्हाई तर लघवी कुठून व्हईल?” सिस्टर हळहळायच्या. मग एकदा बाहेर धुळीची वावटळ उठली, म्हणून त्यांनी धुतलेली चादर त्या खोलीत वाळत घातली. संध्याकाळी बघतात तर बादलीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी; चादरीतला ओलावा एसीनं ओढून बादलीत सोडला होता. त्या मला जिन्यातूनच ओरडून म्हणाल्या, “साहेब, पेशंटला सलाईन लागलं!”

दुसऱ्याच दिवशी खोलीभर दोऱ्या ताणल्या गेल्या. गल्लीतल्या बायका ओलं धुणं घेऊन येऊ लागल्या. “कपडे तुमचे, पाणी माझं,” एवढीच अट. सगळी गल्ली घामानं निथळत होती आणि गल्लीचं धुणं एसीत वाळत होतं. मी गारव्याला गेलो की नाकाशी कुणाच्या तरी परकराची नाडी. ते पाणी सिस्टर एका पिंपात साठवत, आणि स्वतः मात्र ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवत. मी रागावलो, तर म्हणाल्या, “पोरगं तपासणीला येणार हाय ना, त्याच्यासाठी ठिवलंय.”

अविनाश मे महिन्यात आला, सामान भरायच्या तयारीनं मोठी गाडी घेऊन. दोऱ्या आदल्याच दिवशी उतरल्या होत्या. “लांबून आलास बाळा, आधी आंघोळ कर,” सिस्टर म्हणाल्या. न्हाणीत दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या. पोरगं पुण्याच्या सढळ हातानं आंघोळ करू लागलं. आत तांब्या ओतल्याचा आवाज झाला की बाहेर सिस्टर डोळे गच्च मिटायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, “घे, आनखी घे. पिंपात हाय.” त्यानं पिंपातलंही घेतलं.

डोकं पुसत तो बाहेर आला. “आई, इथं पाण्याचं एवढं काही दिसत नाही. पेपरवाले उगाच घाबरवतात.”

“मंग? मी काय सांगून राहिले इतके दिवस?”

मला हसू आवरेना. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. ऊन उतरल्यावर अविनाश आईच्या पाया पडला आणि ती मोठी गाडी घेऊन एकटाच परत गेला.

गाडी वळल्यावर सिस्टर पायरीवर बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. लेक गेला म्हणून की घर राहिलं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. मग मला म्हणाल्या, “साहेब, तांब्याभर पाणी हाय का तुमच्याकडं? तोंड धुवावं म्हणते.”

मी वरून तांब्या भरून आणला. त्यांनी निम्म्या पाण्यात तोंड धुतलं आणि निम्मा तांब्या मला परत दिला.