कन्सोलचा केशरी दिवा

घाटकोपरच्या त्या घरात माझ्या हातात फोन दिसला की काका आधी टीव्हीकडे बघायचे, मग माझ्याकडे. टीव्हीवर नाटक अडकलेलं असायचं. नटाचं तोंड उघडं, त्यावर फिरणारं गोल, आणि चित्र वाफ धरलेल्या आरशासारखं.

"एचडी म्हणे," काका म्हणायचे. "एचडीत नाकातला केस दिसतो. इथे नाक सापडत नाही."

काका-काकूंची मी कोणीच नव्हते. परभणीकडून आलेली, नववीत शाळा सुटलेली, अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांची पाकिटं भरणारी मुलगी. कामावरच्या एका बाईंच्या शब्दावर त्यांनी मला मागची खोली दिली, आणि पहिल्याच संध्याकाळी काकूंनी काही न विचारता ताट वाढलं. ते ताट मी विसरलेले नाही. भीतीही त्याचीच वाटायची. न विचारता घेतलं, तसं न विचारता जा म्हणाले तर?

टीव्ही जुना, त्याला नेट लागत नव्हतं. त्यांचा मुलगा परदेशी जाताना त्याचं गेम खेळायचं कन्सोल ठेवून गेला होता. ते टीव्हीला जोडून काका नाटकं बघत. काकू त्याला 'त्याचा डबा' म्हणत. डबा बंद केला तरी पुढचा केशरी दिवा चालू राहायचा. "मेन बटण बंद करू नका, बिघडेल," असं मुलगा सांगून गेलेला. काका झोपण्याआधी घरातलं प्रत्येक बटण बंद करत, नेटच्या राउटरचंसुद्धा. तो एक दिवा तेवढा सोडत. काकू सकाळी डब्यावरची धूळ पुसत, हळूच, पोराचं तोंड पुसावं तशी.

मी रोज आठला आईला व्हिडिओ कॉल करायची. काकांच्या नाटकाची वेळही तीच. एकदा स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

"ती आल्यापासूनच अडकतंय हे."

"अहो, हळू बोला."

"नेट हळू आहे तेवढं पुरे. महिना संपू दे, बोलतोच तिच्याशी."

त्या दिवसापासून मी फोनचं वायफाय बंद ठेवलं. आईशी नुसतं बोलू लागले. तिला तेही खपेना.

"दिसना गेलीस की गं. तोंड कामून लपवायलीस? मारलं का कोणी?"

नाही म्हटलं, तर तिचा संशय आणखी पक्का.

नाटक अडकायचं ते अडकतच होतं. काका माझ्या दाराशी उगाच खोकून थांबायचे. संशयात मीही काही कमी नव्हते. शेजारच्या बाई आल्या तर वाटायचं, खोली बघायला आल्या. एकदा सहज वायफाय लावून बघितलं, तर फोनने पासवर्ड मागितला. बदलला होता, मला न सांगता.

रविवारी दुपारी दोघं नाटकाला बसले. पाच मिनिटांत नायिका अडकली. काका वळले. मी बाहेर आले, त्यांच्यादेखत फोन बंद केला आणि टीपॉयवर पालथा ठेवला.

"आता बघा, काका."

तिघंही बघत बसलो. गोल फिरतच राहिलं.

"पासवर्ड तर मी मंगळवारीच बदललाय," काका काकूंना म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, मी समोरच उभी आहे.

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "मी बघू का त्यात?"

"त्याच्या डब्याला हात नको गं लावू," काकू म्हणाल्या.

"बघू दे तिला." पण काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या बोटांवर नजर ठेवली.

इंग्रजी मला अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागतं. 'डाउनलोड' तेवढं फोनमुळे ओळखीचं, तेच उघडलं. तिथे मुलाच्या चार गेमची रांग होती, प्रत्येकीपुढे अर्धी भरलेली पट्टी. गेमचा नवा भाग निघाला की डबा तो आपणहून उतरवायला घ्यायचा, नुसता केशरी दिवा असला तरी. सकाळी राउटर लागला की सुरू, काकांनी झोपताना बंद केला की अर्ध्यावर. तोवर आणखी नवा भाग यायचा, काम कधी संपतच नव्हतं. मी चारही डाउनलोड थांबवले आणि नाटक लावलं.

नायिकेच्या नथीतले मोती मोजता येत होते.

"म्हणजे तो गेल्यापासून हे चालूच होतं?" काकूंनी विचारलं.

"तो गेला आणि ही आली, एकाच महिन्यात," काका म्हणाले. बराच वेळ ते टीव्हीकडे बघत होते, नाटक मात्र बघत नव्हते.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. काकांनी पेपरच्या कडेला नवा पासवर्ड लिहिला, तेवढा तुकडा फाडून माझ्या फोनखाली सरकवला. "आठला आईला लाव. इथेच बसून लाव. नाटक नंतर बघू."

आठला आई पडद्यावर आली, स्वच्छ. तिने माझं तोंड निरखलं.

"मान वळव. आता दुसरीकडून."

मी वळवली. कुठे काही नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. "आता त्या काकांना दाखव."

काका सरळ होऊन बसले आणि सदऱ्याचं वरचं बटण लावू लागले.