सासूला विचारून

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. माझे वडील रायपूरच्या गुढ़ियारीत धान्याची पोती उचलतात. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज, आणि तोही दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिवाय ही गोष्ट माझी नाही, तात्यापारा या इथल्या मराठी वस्तीतल्या एका काका-काकूंची आहे. लिहायची तर त्यांनी. पण काकू आता यावर बोलत नाहीत, आणि मला गप्प राहवत नाही.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. कॅन्सरमुळे काकूंचा एक स्तन काढावा लागला होता. त्या बऱ्या झाल्या आणि दोघंही एका संस्थेच्या कामाला लागले. उपचारासाठी खेड्यातून येणाऱ्यांना ही संस्था राहायला खोली आणि दोन वेळचा भात देते. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, त्यामुळे आता सगळं इथेच मिळतं असं समजून लोक लांबून लांबून यायचे. तांदूळ पुरत नसे.

पौष पौर्णिमेला छत्तीसगढात छेरछेरा असतो. त्या दिवशी 'छेरछेरा' ओरडत कुणीही कुणाच्या दारात धान मागू शकतो, आणि नाही कुणी म्हणत नाही. काकूंनी ठरवलं, व्हॅन घेऊन धमतरीकडच्या गावांत जायचं, धान मागायचं आणि बायकांशी या आजाराबद्दल बोलायचं. मला छत्तीसगढी येते म्हणून मलाही सोबत घेतलं.

"पोट्ट्या, तूच ओरड दारात. माझं छेरछेरा मराठी वाटते," काकू म्हणाल्या.

"तुझी हिंदीही मराठीच वाटते," काका गाडी चालवता चालवता म्हणाले.

गावोगाव सुपं भरभरून धान मिळालं. काकू बायकांना सरळ सांगायच्या, छातीत गाठ लागली तर लपवू नका, माझ्याकडे बघा. बायका पदर तोंडाशी धरून हसायच्या.

एका गावात एक तरुण सून सूप रिकामं करून व्हॅनच्या मागे आली. तिने काकूंचा हात धरला आणि पदराखाली आपल्या छातीवर ठेवला. मी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने काकूंनी हाक मारली.

"इले विचार, किती दिवसापासून हाय?"

तिने सांगितलं, गेल्या पेरणीपासून. घरात कुणाला ठाऊक नाही. उपचार होईल का, एवढंच तिला हवं होतं. काकू म्हणाल्या, होईल, पण लवकर यावं लागेल. मंगळवारी आम्ही गाडी घेऊन येतो.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या सुनेला हळदीकुंकवाला न्यायचं तरी आधी सासूला विचारतात. मग दवाखान्यात न विचारता कसं न्यायचं? काकूंना ते चोरी केल्यासारखं वाटलं. त्या अंगणात गेल्या, सासूजवळ बसल्या, तिच्या नातवाचं कौतुक केलं, आणि मग अगदी मायेने सगळं सांगितलं. मी ते छत्तीसगढीत सांगत गेलो. सासू प्रत्येक वाक्याला "हव, हव" म्हणाली. तिने आम्हाला चहा पाजला. सून दारात उभी होती. तिने काकूंकडे पाहिलं, ते मला आजही आठवतं.

मंगळवारी गेलो तर सून नव्हती.

"मायके गे हे," सासू म्हणाली. माहेरी गेली.

"कोणत्या गावाले?" काकूंनी विचारलं.

"दूरिहा." लांब. आणि ती आत निघून गेली.

परतताना काकांनी गावाबाहेर गाडी हळू केली. मग म्हणाले, "काहून विचारलं तू सासूले?"

"मग काय पळवून न्याची होती?"

"तिनं तुले सांगितलं होतं. सासूले नाही."

काकू काचेकडे तोंड करून बसल्या. त्यानंतर काकू खेड्यात गेल्या नाहीत. पण संस्थेत रोज सकाळी जायच्या आणि नव्याने आलेल्या बायकांचे चेहरे बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी विचारलं नसतं तं ती इथं असती रे."

त्या मंगळवारी शेजारच्या एका बाईने मला हळूच सांगितलं होतं, की सुनेचा भाऊ रायपुरात, पंडरीच्या कापड बाजारात गाठोडी वाहतो. नाव तिला ठाऊक नव्हतं. मी वडिलांना सांगितलं, वडिलांनी हमालांना. असे कितीतरी निरोप गेले. उन्हाळा गेला, पावसाळा लागला. मी आशा सोडलीच होती.

एका संध्याकाळी आमच्या दारात एक अनोळखी माणूस भिजत उभा राहिला. "मोला तैंच खोजत हस का, भैया?" मीच त्याला शोधत होतो.

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. सासरच्यांनी बहिणीला पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी माहेरी आणून टाकलं, परत नेणार नाही म्हणाले. त्याने तिला रायपूरला आणलं. ऑपरेशन झालं. ती त्याच्याच खोलीवर राहते, गुढ़ियारीतच, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. हात अजून वर होत नाही, पण भात रांधते. मुलगा मात्र सासरीच ठेवून घेतलाय.

मी काकूंचं नाव काढलं. त्याने मान डोलावली.

"ओ दाई ला अतके बता देबे, जीयत हे," तो म्हणाला. जिवंत आहे, एवढंच त्या आईला सांग. "पता झन देबे. बहिनी मना करे हे." पत्ता देऊ नको, बहिणीनेच नको म्हटलंय.