देवाजीच्या दोन पुड्या

मंडळी, मला एक सांगा, माणसानं भरोसा कोणावर ठेवावा? डॉक्टरवर, की किराणावाल्यावर? कुरखेड्यात इतकी वर्षं दुकान चालवतोय. मोह, हिरडा विकत घेतो, तेल-मीठ विकतो. गिऱ्हाईक सामान नेतं आणि किस्सा ठेवून जातं! हसण्यासारखे होते ते सगळ्यांना सांगून झाले. माझा दोस्त देवाजी ढिवर, त्याचे तेवढे राहिलेत.

*

आमच्या दुकानची अंगदुखीची पुडी तालुक्यात फेमस होती. लोकांना वाटायचं, जंगलातली जडी आहे. मी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या कुटून सुंठेत मिसळायचो!

मोहर्लीहून आलेल्या, जंगलात वाघ दाखवणाऱ्या एका गाइडनं विचारलं, "शेठ, कोणत्या पहाडातली जडी हाय?"

म्हटलं, "नाव सांगतलं तर पहाड शिल्लक राहीन का?"

दुकानभर हशा. देवाजी सगळ्यात मोठ्यानं हसला. दिवसभर मासे धरत तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहणारा माणूस, त्याला रोज दोन पुड्या लागायच्या. त्याच्याकडून मी कधी पैसा घेतला नाही. याचाही मला केवढा अभिमान!

*

देवाजीच्या हृदयाची झडप खराब निघाली. नागपूरला ऑपरेशन ठरलं. सोबत मी आणि त्याची बायको पार्बताबाई. डॉक्टर समजावत होते, हृदय थांबवायचं, तेवढा वेळ रक्त मशीनमधून फिरवायचं.

देवाजी म्हणाला, "म्हंजे तलावाचं पानी मोटारीनं काढाचं अन् तलावातच सोडाचं!"

"अगदी बरोबर!"

"अन् पाइपात गाळ अटकला तं?"

डॉक्टर खूश झाले. "म्हणून तर आधी रक्त पातळ करतो. मशीन बंद झाली की उलटं औषध देऊन पुन्हा गोठू देतो."

*

मग त्यांनी विचारलं, "आमच्या गोळ्यांशिवाय काही घेता का? काढा, चूर्ण, पुडी?"

देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या फांद्या मला अजून पाठ आहेत.

"काई नाई, साहेब," देवाजी म्हणाला.

*

ऑपरेशन झालं, मशीन थांबली, आणि रक्त काही थांबेना. उलटं औषध दिलं, तरी थांबेना. छाती पुन्हा उघडली. रक्ताच्या पिशव्यांमागून पिशव्या आत जात होत्या. मशीन चालवणारा टेक्निशियन धावत बाहेर आला.

"आम्ही पातळ केलेलं रक्त आम्हाला गोठवता येतं हो! हे घरूनच कोणीतरी पातळ करून पाठवलंय!"

पार्बताबाई माझ्याकडे वळली. "शेठजी, काय म्हनून राह्यले हे?"

मी टेक्निशियनच्या मागे धावलो आणि दाराशी सगळं सांगून टाकलं. सुंठ, गोळ्या, रोजच्या दोन पुड्या.

डॉक्टर नंतर रागावलेसुद्धा नाहीत. मी विचारलं, "काल बोललो असतो तर?"

"अ‍ॅस्पिरिन बंद करून ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललं असतं," ते म्हणाले. "एवढंच."

*

देवाजी वाचला. पण त्या गडबडीत रक्तदाब पडला, डोक्याला रक्त कमी पोचलं, आणि डावा हात तसाच लुळा राहिला. एका हातानं जाळं फेकता येत नाही. आता तो तलावाच्या पाळीवर बसतो आणि दुसऱ्यांना ओरडतो, "अबे, तिकडे नाई, इकडे फेक!"

पुड्या मी बंद केल्या. पण त्याची माफी मागायला तोंड उघडलं, की तो माशांचा विषय काढायचा.

*

मागच्या बाजाराला दुकानात आला. बाकावर टेकला.

"शेठ, पार्बताले दम लागून राह्यला. तिलेबी नागपूरले नेतो म्हनतो."

"मी येतो सोबत," मी म्हणालो.

"या ना. पन आतापावतर तिनं तुमच्या दुकानातून काय काय खाल्लं, त्याचा हिसाब एका कागदावर खरा खरा लिहून देजा."

"लिहितो. पण तू सांगशीलच की डॉक्टरला."

देवाजीनं चांगल्या हातानं लुळा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मले नाई, तिले इचारतीन ना, शेठ. अन् तिले लबाड बोलता येत नाई."